सगळाच प्रसार विकतचा नव्हता



‘ख्रिस्ती धर्मप्रसार म्हणजे परक्या पैशाचा व्यवहार’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे विधान महाराष्ट्रापुरते तरी सरसकट टिकत नाही. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अनेक वर्षे अमेरिकन मराठी मिशनचे काम केले, हे खरे. पण १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. संस्थेचे छत्र उतारवयात सोडून अभंग-कीर्तनाच्या वाटेने शिष्यत्व जगू पाहणाऱ्याला भाडोत्री कसे म्हणायचे?

दुष्काळातील धर्मांतरांचा आक्षेप मात्र उडवून लावण्याजोगा नाही. तिथे भुकेचा वाटा होताच, आणि मिशनच्या कैवाऱ्यांनी तो नाकारू नये. परंतु हे माप सगळ्यांना लावता येत नाही. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे वेगळ्या राहिलेल्या, सोवळे-ओवळे सहजी न सोडणाऱ्या टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० साली स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. (पत्रलेखकाने त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र चाळलेले दिसत नाही.) त्यांना कोणते आमिष दाखवले गेले होते, हे पत्रलेखकानेच सांगावे.

– एक वाचक, पुणे