काचेची नळी कुठे आहे?

पावसाळा तोंडावर आला की आमच्या टपालात सर्पदंशाची पत्रे वाढतात. यंदाच्या पत्रांत घोणस कमी आणि भांडारपाल जास्त आहेत. एका ग्रामीण रुग्णालयाने काचेच्या साध्या टेस्ट ट्यूब मागवल्या. मागणीपत्र शेरा घेऊन परत आले: ‘व्हॅक्युटेनर शिल्लक आहेत, प्रथम ते संपवावेत.’ वाचकाने शेऱ्याची प्रतच जोडली आहे. दुसऱ्या एकाला विचारणा झाली की काच फुटल्यास नुकसान कोणाच्या नावे टाकायचे!

मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे आहेत. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहून सर्पदंशाची नोंद सक्तीची करायला सांगितले. दोन्ही गोष्टी रास्त आहेत, उशिरा का होईना झाल्या. पण ज्या चाचणीवर खेड्यातले रक्तविषबाधेचे निदान उभे आहे, तिची नळी भांडारात नाही. नोंद करायची ती कशाच्या आधारावर?

वीस मिनिटांची चाचणी कशी करतात हे या मासिकाच्या वाचकांना सांगायची गरज नाही. शेरे मारणाऱ्यांसाठी मात्र एकदा लिहून ठेवतो. ही चाचणी काचेवरच चालते, कारण फॅक्टर बाराला जागे करण्याचे काम काचेचा पृष्ठभाग करतो. साध्या प्लास्टिकमध्ये निरोगी माणसाचे रक्तही वीस मिनिटांत गोठेलच असे नाही; मग गरज नसताना प्रतिविष चढते आणि रिअ‍ॅक्शन आपण निस्तरत बसतो. लाल टोपीच्या प्लास्टिक नळीत उलटा घोटाळा. तिच्यात क्लॉट अ‍ॅक्टिव्हेटर असतो, त्यामुळे फायब्रिनोजेन घसरलेल्या रुग्णाचेही रक्त गोठल्यासारखे दिसू शकते आणि रुग्ण ‘कोरडा दंश’ म्हणून खाटेवर पडून राहतो. नळी नाही म्हणून अनेक वॉर्डांत इंजेक्शनची रिकामी बाटली विसळून वापरतात. ती साबणाने धुतलेली असली तर चाचणी फुकट. नळी नवी, कोरडी, स्वच्छ काचेची हवी, याला पर्याय नाही.

श्रीलंकेत घोणसदंशाच्या रुग्णांवर ही चाचणी तपासली गेली. रोजच्या वॉर्डात, जमेल तशी केली तेव्हा निम्म्याहून अधिक रक्तविषबाधा निसटल्या. नळी, रक्ताचे माप आणि घड्याळ काटेकोर पाळले, तेव्हा पाचांतल्या चार सापडल्या.

काही सभासद म्हणतील, सहा तासांनी चाचणी पुन्हा करतोच की. मग एवढा गहजब कशाला? त्या सहा तासांत रक्तवाहिनीच्या अस्तरावर काय घडते ते पाहा. घोणसाचे विष फॅक्टर दहा आणि पाच थेट चेतवते. आपल्या कोकणातले फुरसे प्रोथ्रॉम्बिनलाच हात घालते. फायब्रिनोजेन संपला म्हणून थ्रॉम्बिन स्वस्थ बसत नाही. एंडोथेलियमवरचा पार-१ हा रिसेप्टर तो ४१व्या आर्जिनिनपाशी कापतो आणि कापल्यावर उघडे पडलेले टोक स्वतःच रिसेप्टरला चालू करते. १९९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत शॉन कॉफलिन यांच्या प्रयोगशाळेने हे दाखवले, तेव्हापासून थ्रॉम्बिनला नुसते गोठण्याचे एन्झाइम म्हणणे अपुरे झाले. काही मिनिटांत वायबेल-पॅलाड पिंडांतून व्हॉन विलेब्रांड फॅक्टर आणि पी-सिलेक्टिन बाहेर पडतात, पेशी आकसतात, त्यांच्यात फटी पडतात. पुढच्या काही तासांत एनएफ-कॅपा-बी मार्गाने आयकॅम, इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-८ आणि खुद्द टिश्यू फॅक्टर तयार होतो. म्हणजे दाहातून पुन्हा थ्रॉम्बिन. एरवी ईपीसीआरवर बसलेले सक्रिय प्रोटीन सी हाच रिसेप्टर पाच अमिनो आम्ले पुढे कापते आणि अस्तर शांत ठेवते.

घोणसदंशातल्या कॅपिलरी लीकचे सगळे खापर पार-१ वर फोडता येणार नाही; विषातले मेटॅलोप्रोटिएझ आणि फॉस्फोलायपेझ स्वतःही भिंत पोखरतात. पण डोळ्यांची सूज, फुगलेले गाल, चढता हिमॅटोक्रिट आणि उतरता रक्तदाब पाहिलेल्याला अस्तराची काळजी वेगळी सांगावी लागत नाही. अस्तर शांत करणारे औषध आपल्या हातात नाही. सक्रिय प्रोटीन सीला सेप्सिससाठी २००१ साली मान्यता मिळाली आणि २०११ साली ते बाजारातून मागे घ्यावे लागले. उरतो एकच उपाय: विषातले एन्झाइम लवकर निकामी करणे. ते प्रतिविषच करते, आणि त्याची वेळ ठरते काचेच्या नळीवर.

गंमत अशी, की १९३४ साली लंडनमध्ये मॅकफार्लेन यांनी हेच घोणसविष हिमोफिलियाच्या रुग्णाचा रक्तस्राव थांबवायला वापरले होते, आणि आजही ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंटच्या तपासणीसाठी ते शहरी लॅबच्या फ्रिजमध्ये सांभाळून ठेवलेले असते.

आता आपल्यातल्यांविषयी. प्रतिविषाआधी एफएफपी लावणारे डॉक्टर अजून आहेत. विष रक्तात फिरत असताना प्लाझ्मा देणे म्हणजे आगीत तेल ओतणे. डीआयसी दिसला म्हणून हेपॅरिन देणारेही आहेत. फुरश्याच्या विषातून होणाऱ्या मेइझोथ्रॉम्बिनवर हेपॅरिनचा जोर चालत नाही. जिल्ह्याहून आयएनआर येईपर्यंत हात बांधून बसणाऱ्यांना काय म्हणावे? आणि रक्त गोठू लागले की रुग्णाकडे पाठ फिरवू नका. हिमॅटोक्रिट आणि लघवीचे माप पुढचा दिवसभर चालू ठेवा.

काचेच्या नळ्यांचा एक डबा तूर्त स्वखर्चाने आणा. त्यावर ‘फक्त सर्पदंश’ असे मोठ्या अक्षरांत लिहा आणि तो कॅज्युअल्टीत ठेवा, कपाटात कुलूपबंद नको. पण मागणीपत्र पाठवणे थांबवू नका. नकार आला तर शेऱ्यासह त्याची प्रत आमच्याकडे पाठवा; नाव आणि ठिकाण खोडले तरी चालेल. जमतील तेवढ्या प्रती एका गठ्ठ्यात बांधून जुलैअखेर आरोग्य खात्याच्या सचिवांच्या टेबलावर ठेवू आणि पोच घेऊनच परत येऊ.