पावसासारखीच आवाजाचीही नोंद हवी

गगनबावड्यात काल किती पाऊस झाला, याकडे पावसाळ्यात अवघ्या कोल्हापूर जिल्ह्याचे लक्ष असते. त्या आकड्यावर विश्वास बसतो तो एका शिस्तीमुळे. पर्जन्यमापक रोज सकाळी साडेआठला वाचला जातो. पाऊस झाला नसेल तर शून्याची नोंद होते. म्हणूनच एका वर्षाची दुसऱ्याशी तुलना करता येते. इथल्या रानाच्या आवाजालाही हीच शिस्त लावायला हवी.

सह्याद्रीच्या या पट्ट्यात पावसाच्या तोंडावर पावशा ओरडू लागतो, पहिल्या सरींनंतर बेडूक, तर ओढ्याकाठी पहाटे शीळकरी कस्तूर. रात्रीचे कित्येक जीव डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांचा आवाज टिपता येतो. आवाज कधी सुरू झाला, कधी थांबला, यावरून अधिवासातील बदलाचा माग लागू शकतो.

त्यासाठी आता पट्टीचा प्रोग्रामर असण्याची गरज नाही. १९८६ साली आलेल्या लॅबव्ह्यूमध्ये किंवा मोफत मिळणाऱ्या प्युअर डेटामध्ये पडद्यावरचे ठोकळे रेषांनी जोडून प्रोग्राम तयार होतो: एक ठोकळा मायक्रोफोनचा, एक फाइलचा, एक आलेखाचा. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे थोड्या सरावाने जमते.

खरी मेख वेळेत आहे. दर दहा मिनिटांनी एक मिनिट ध्वनिमुद्रण करायचे, तर ‘मिनिटभर टिपा, नऊ मिनिटे थांबा’ अशी मांडणी सुचते. पण फाइल साठवायला लागणारे सेकंद दर फेरीला साचत जातात आणि वेळापत्रक हळूहळू सरकते. म्हणून प्रोग्रामने दर वेळी घड्याळच पाहावे. दुसरी काळजी विश्लेषणाची. सेकंदाला ४४,१०० नमुने येत असताना त्याच फेरीत जड गणित घातले, तर तात्पुरती साठवण भरून मधले नमुने गळू शकतात. टिपणे आणि तपासणे यांच्या फेऱ्या वेगळ्या ठेवाव्यात.

मूळ फाइलही जपावी. १६ बिटांचे, एका मायक्रोफोनचे मिनिटभराचे ध्वनिमुद्रण सुमारे ५.३ एमबी होते. वरच्या वेळापत्रकाने दिवसाला साधारण ७६० एमबी. आजच्या मेमरी कार्डांना हे जड नाही. वेळेनुसार वारंवारता दाखवणाऱ्या आलेखात रातकिड्याची किरकिर एका उंचीवरची बारीक आडवी रेघ दिसते, बेडकाची साद तुटक पट्ट्यांसारखी. मुसळधार पाऊस मात्र सगळा आलेख माखून टाकतो. त्या मिनिटाला बेडूक ऐकू आला नाही, याचा अर्थ तो नव्हता असा होत नाही. अशा फाइलवर ‘पाऊस’ अशी खूण हवी. वटवाघळांसाठी तर सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा वेगही अपुरा पडतो. त्यांच्या बहुतेक हाका माणसाच्या श्रवणकक्षेपलीकडच्या असतात.

यंत्र जंगलात ठेवायचे तर वनविभागाची परवानगी घ्यावी, आणि वाटसरूंचे बोलणे टिपले गेल्यास ते पुसावे. एवढे पथ्य पाळून परिसरातील महाविद्यालयांनी हे काम हाती घ्यावे. सुरुवात एका ठिकाणापासून, एका ठरलेल्या वेळापत्रकाने व्हावी. मात्र ते पुढची काही वर्षे मोडू नये. एका पावसाळ्याच्या फाइली म्हणजे केवळ आठवण. सलग दहा पावसाळ्यांच्या फाइली हा पुरावा ठरेल. पश्चिम घाटाच्या संवर्धनावर बोलताना आपल्याला तो लागणार आहे.