वसंताचे पंचांग

माघ महिना निम्मा सरला, की घराघरांतून एक प्रश्न निघू लागतो : यंदा मुलांना घेऊन फुले पाहायला जायचे कोठे? त्याचे उत्तर शोधताना आपण बहुधा एक गोष्ट विसरतो. फुलांच्या बाबतीत ‘कोठे’ इतकेच ‘केव्हा’ यालाही महत्त्व असते. आपल्या पंचांगात वसंत ऋतू चैत्र-वैशाखाचा. परंतु झाडांचे पंचांग निराळे. जमिनीची उंची, थंडीचा मुक्काम आणि मातीतला ओलावा यांवर ते ठरते. बंगळूरच्या रस्त्यांवरची झाडे फुलून मोकळी होतात, तेव्हा सिक्कीमच्या उंच उतारांवर अद्याप बर्फ असतो. मुलांच्या परीक्षा, नोकरीतली रजा आणि फुलांचा बहर या तिन्हींचा मेळ बसावा, म्हणून आजच्या सदरात आपण स्थळांची ओळख महिन्यांच्या क्रमाने करून घेऊ.

प्रथम दक्षिणेकडे वळू. बंगळूरला वसंत लवकर येतो. जानेवारीपासून मार्चपर्यंत तेथे टॅबेबुयाची झाडे गुलाबी आणि पिवळ्या फुलांनी भरून जातात. मार्चच्या सुमारास त्यांना निळ्या-जांभळ्या नीलमोहराची जोड मिळते. या झाडांची पाने आधी गळतात व मग फुले येतात. त्यामुळे फांदी न फांदी फुलांचीच दिसते. शहरातील लालबागेचा आरंभ १७६० साली हैदर अलीने केला आणि टिपू सुलतानाने तिच्यात भर घातली. सुमारे २४० एकरांच्या या बागेत १९ व्या शतकातील काचघर आहे, तळे आहे आणि सुमारे तीनशे कोटी वर्षे वयाचा खडकही आहे. मुलांना त्या खडकावर बसवून त्याचे वय सांगावे. पुस्तकातील भूगोल अशा ठिकाणी चटकन ध्यानात राहतो.

मुंबईकरांना फार दूर जायला नको. भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ साली खुले झाले. बहुतेक मंडळी तेथे प्राणी पाहायला जातात आणि झाडांखालून नुसतीच चालत जातात. वसंतात एकदा केवळ झाडांसाठी जावे. उर्वशी नावाचा मूळचा ब्रह्मदेशाचा वृक्ष तेथे आहे. त्याचे लाल-पिवळे घोस फांद्यांवरून झुंबरासारखे खाली लोंबत असतात. ते एकदा पाहिले, म्हणजे वृक्षाला हे नाव का मिळाले, हे सांगावे लागत नाही.

फेब्रुवारी हा दिल्लीचा महिना. थंडीचा कडाका ओसरलेला असतो आणि उन्हाची तलखी सुरू झालेली नसते. राष्ट्रपती भवनाची बाग याच सुमारास जनतेसाठी खुली होते व साधारणपणे मार्चअखेरपर्यंत पाहता येते. तेव्हा तेथे सोमवारी सुट्टी असते. प्रवेश विनामूल्य असला, तरी आधी नाव नोंदवून वेळ ठरवून घ्यावी. एडविन लट्यन्स यांनी आखलेली सुमारे १५ एकरांची ही बाग पूर्वी मुघल गार्डन म्हणून ओळखली जाई. जानेवारी २०२३ पासून तिचे नाव अमृत उद्यान असे आहे. गुलाब, ट्यूलिप, डेलिया यांचे वाफे पाहून मन प्रसन्न होतेच. परंतु मुलांना तेथली एक गोष्ट अवश्य सांगावी. चक्रवर्ती राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल असताना देशात धान्याची टंचाई होती. तेव्हा त्यांनी या परिसरातील जमिनीवर स्वतः नांगर चालवला आणि तिचा एक भाग धान्यासाठी राखून ठेवला.

नोंदणी वगैरे नको असेल, त्यांनी लोदी बागेत जावे. सय्यद आणि लोदी राजवटींतील थडग्यांभोवती पूर्वी खैरपूर नावाचे खेडे होते. तेथील लोकांना अन्यत्र हलवून १९३६ साली ही बाग तयार झाली. त्या वेळी तिला एका व्हाइसरॉयच्या पत्नीचे नाव देण्यात आले होते. ते स्वातंत्र्यानंतर बदलले. फाल्गुनातल्या दुपारी तेथे कुटुंबेच्या कुटुंबे सतरंज्या पसरून बसलेली असतात. कोणी संत्री सोलत असते, कोणी मटार, कोणी नुसतेच ऊन खात पडलेले असते. याच बागेशी आमच्या घरातली एक आठवण निगडित आहे. ती वाचकांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे सांगतो.

वडील गेल्यानंतर आई सांगलीजवळचे आमचे गाव सोडून दिल्लीला आमच्याकडे राहायला आली. गावच्या घराला मोठे आवार होते. तगर, जास्वंद, प्राजक्त सारे दाराशीच. पहाटे स्नान करून परडीभर फुले आणायची आणि मग देवपूजा, हा तिचा चाळीस वर्षांचा नेम. दिल्लीतले आमचे घर तिसऱ्या मजल्यावर. तेथे आवार कोठले? आल्यापासून तिसऱ्या दिवशी ती परडी घेऊन वसाहतीच्या सार्वजनिक बागेत गेली आणि नेहमीच्या सवयीने फुले तोडू लागली. माळीबाबांनी तिला थांबवले. ते रागावले नाहीत. ‘माताजी, तुम्ही चार फुले नेलीत तर बागेचे काही बिघडणार नाही, पण पहाटे असे शंभर जण येतात. मग दिवसा लेकरांनी पाहायचे काय?’ एवढेच ते म्हणाले.

आईला ते फार लागले. आयुष्यात तिला कोणी चोर म्हटले नव्हते आणि आताही म्हटलेले नव्हते. पण तिच्या मनाने तसेच घेतले. त्यानंतर आठ दिवस ती जिना उतरली नाही. खाली पडलेली फुले वेचून आणू का, असे आमच्या सात वर्षांच्या मुलीने विचारले, तर म्हणाली, ‘नको ग बाळ, पडलेली फुले देवाला चालत नाहीत. चालतात ती एका प्राजक्ताची.’ पूजा ती अक्षता वाहून करू लागली. नव्या गावात तिचे म्हणून एकच काम होते आणि तेही आता तिच्या हातून गेले होते, हे मला त्या आठ दिवसांत कळले.

एका रविवारी आग्रह करून आम्ही तिला लोदी बागेत नेले. फाटकातून ती जरा बुजतच आत शिरली. थोडे चालल्यावर वाटेवर लाल, जाडजूड पाकळ्यांची फुले पडलेली दिसली. तिने मान वर केली. उंच, निष्पर्ण झाड फुलांनी लाल झाले होते आणि त्यावर मैनांचा गलका चालला होता. ‘अरे, ही तर आपली काटेसावर!’ ती म्हणाली. इकडे तिला सेमल म्हणतात, असे मी सांगितले. ‘म्हणेनात का! आमच्या मळ्याच्या बांधावर होती ही.’ त्या दुपारी तिने नातीला सावरीचा कापूस कसा उडतो, पोरे तो कशी गोळा करीत, हे सारे सांगितले. शेजारच्या सतरंजीवर एक पंजाबी आजीबाई मटार सोलत होत्या. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती. तरी अर्ध्या तासाने आईसुद्धा मटार सोलू लागली होती.

पुढे पावसाळ्यात ती स्वतःहून वसाहतीच्या बागेत गेली आणि माळीबाबांकडे तगरीची एक फांदी मागितली. त्यांनी दोन दिल्या. आज आमच्या सज्जातल्या कुंड्यांमध्ये तगर आणि जास्वंद आहे. पूजेपुरती फुले मिळतात. बागेत ती आता रिकाम्या हाताने जाते. पहाटे एखादी बाई परडी घेऊन आलेली दिसली, की आईच तिला तगरीची फांदी देऊ करते. ज्यांना आवार नाही, त्या सर्वांचे आवार म्हणजे सार्वजनिक बाग, हे तिच्याकडे पाहून मला समजले.

आता पुन्हा आपल्या क्रमाकडे वळू. दिल्लीहून चंदीगड एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे. तेथील सोळाव्या सेक्टरातील गुलाबबाग डॉ. महिंदरसिंग रंधावा यांच्या पुढाकाराने १९६७ साली उभी राहिली. तिला डॉ. झाकीर हुसेन यांचे नाव आहे. सुमारे ३० एकरांत शेकडो जातींचे गुलाब आहेत आणि फेब्रुवारीत तेथे गुलाबांचा उत्सव भरतो. वृद्ध माणसांना सहज चालता येईल अशा सपाट वाटा, हे या बागेचे वैशिष्ट्य.

मार्चच्या उत्तरार्धात वसंत काश्मीरला पोहोचतो. श्रीनगरमध्ये हरिपर्वताच्या पायथ्याशी असलेल्या बदामवारीत बदामाची झाडे सर्वांआधी फुलतात. थंडीचे लांबलचक महिने घरात काढल्यावर तेथील कुटुंबे चहाचे समोवार घेऊन या फुलांखाली बसायला जातात. ही परंपरा जुनी आहे. त्यापाठोपाठ झबरवान डोंगराच्या उतारावरील इंदिरा गांधी स्मृती ट्यूलिप उद्यान उघडते. २००७ पासून सुरू झालेल्या या उद्यानाचा बहर जेमतेम महिनाभर, साधारण एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत टिकतो. जवळच जहांगीराने १६१९ साली करवलेली शालिमार बाग आणि दल सरोवराकाठची निशात बाग आहे. निघण्यापूर्वी तेथील परिस्थितीची व हवामानाची चौकशी अवश्य करावी. पाऊस किंवा उकाडा यांमुळे बहर आठवडाभर पुढेमागे होऊ शकतो.

येथवर आपण माळ्यांनी राखलेल्या बागा पाहिल्या. एप्रिल-मे महिन्यांत मात्र आपोआप उगवलेल्या फुलांचे एक राज्य पाहता येते. पश्चिम सिक्कीममधील बारसे अभयारण्य ऱ्होडोडेंड्रॉनसाठी राखलेले आहे. नेपाळी भाषेत या झाडाला गुरांस म्हणतात आणि उत्तराखंडात बुरांस. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या अरण्यात हिले येथून बारसेपर्यंत सुमारे चार किलोमीटरची वाट आहे. ती फारशी चढाची नसल्याने मुलांनाही झेपते. लाल, गुलाबी, पांढरे असे नाना रंगांचे घोस दोन्ही बाजूंना असतात. जोसेफ हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८४८ पासून सिक्कीमच्या डोंगरांत हिंडून या झाडांची वर्णने लिहिली आणि त्यांची कीर्ती जगभर पसरली.

या झाडाची एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढच्या वर्षीच्या कळ्या आदल्या वर्षीच्या कोवळ्या फुटीवर धरतात. आपण हौसेने एक फांदी मोडली, तर यंदाचे फूल जाते आणि पुढल्या वर्षीचेही. गुच्छ संध्याकाळपर्यंत मलूल होतो. झाडाची खोट मात्र लवकर भरून येत नाही.

जाता जाता दोन स्थळांविषयी सावध करतो. उत्तराखंडातील ‘फुलांची दरी’ १९३१ साली फ्रँक स्माइथ या गिर्यारोहकामुळे जगाला ठाऊक झाली. १९८२ साली ती राष्ट्रीय उद्यान झाली आणि २००५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. तिची कीर्ती ऐकून कोणी मे महिन्याच्या सुट्टीत जायचे ठरवील, तर त्याची निराशा होईल. दरी जूनमध्ये उघडते आणि खरा बहर जुलै-ऑगस्टमध्ये, पावसात असतो. साताऱ्याजवळच्या कास पठाराचेही तसेच. वसंतात तेथे उघडा कातळ दिसेल. फुले पाहायची तर श्रावणाच्या अखेरीपासून भाद्रपद-आश्विनापर्यंत. कातळावरच्या वीतभर मातीत तेथे तेरडा, सीतेची आसवे, गेंद अशी इवली रोपे उगवतात. त्यांतील बहुतेकांचे आयुष्य एका हंगामाचे. फूल पिकून बी मातीत पडले, तरच पुढच्या वर्षी रोप दिसणार. छायाचित्रासाठी ताटव्यात बसणारा माणूस पुढच्या वर्षीची फुलेच तुडवीत असतो. म्हणूनच तेथे रोजच्या पाहुण्यांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली.

सहलीला निघताना काही साध्या गोष्टी पाळाव्यात. बाग उघडी आहे ना, हे निघण्यापूर्वी पाहून घ्यावे. सकाळी लवकर पोहोचावे. तेव्हा फुले टवटवीत असतात आणि गर्दीही कमी असते. शिदोरीत दशम्या, धपाटे, सुकी चटणी असे टिकाऊ पदार्थ घ्यावेत. मात्र आत खाण्यास मनाई असेल तेथे ती बाहेरच सोडावी. पाण्याच्या बाटल्या घरून न्याव्यात आणि रिकाम्या झाल्या तरी घरी परत आणाव्यात. मुलांना एक वही द्यावी. पाहिलेल्या प्रत्येक झाडाचे नाव, दिनांक आणि तेथले लोक त्याला काय म्हणतात, एवढे तिच्यात लिहावे. दोन-तीन वर्षांत घरातच फुलांचे एक पंचांग तयार होईल. आपली सावर दिल्लीत सेमल होते आणि आपला पळस उत्तरेत ढाक होतो, हे मुलांना त्यातूनच कळेल.

आणि दूर जाणे यंदा जमणार नसेल, तर खंत करू नये. आपल्या गावात किंवा वसाहतीत एखादी बाग असेलच. घरातल्या ज्या वडील माणसाने बरेच दिवस उंबरा ओलांडलेला नाही, त्याचा हात धरून या रविवारी तेथे जावे. फूल झाडावरच राहू द्यावे. ते पाहायला आपल्यामागून आणखी कोणी तरी येणार आहे.