मुहूर्त नव्हे, कारण विचारा

आखाजी जवळ आली की खान्देशात सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात. अलीकडे जळगाव-धुळ्याच्या प्रसूतिगृहांत या दिवसाला आणखी एक मागणी असते. नववा महिना लागलेल्या लेकीचे सिझेरियन आखाजीलाच करा, असा घरच्यांचा आग्रह असतो. साडेतीन मुहूर्तांपैकी एक मुहूर्त, जावयाला सुटी, आणि वर ‘पोरले तरास नको’ ही आईची माया. या बोलण्यात तारीख असते, वेळ असते, खर्च असतो. जिच्या पोटावर छेद जायचा ती मात्र बहुधा गप्प असते. सिझेरियनचे कारण काय, हे कोणीच विचारत नाही.

याच खान्देशाचे दुसरे टोक सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. शिरपूर, चोपडा, यावल, रावेर तालुक्यांतल्या पाड्यांवर सिझेरियन लवकर होण्याची नव्हे, उशिरा होण्याची भीती असते. रात्री कळा सुरू होतात, वाहन मिळेपर्यंत वेळ जातो. पोट चिरले की बाई शेतातल्या कामाची राहत नाही, या समजुतीने घरचे सही करायला तयार होत नाहीत. अंगात रक्त आधीच कमी असते, काहींना सिकलसेलही असतो. शिरपूरहून धुळे पन्नासेक किलोमीटर. बाळ अडलेले असताना हे अंतर फार मोठे असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्याचे दिसले. सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के, तर खासगीत ४७.४ टक्के होते. महाराष्ट्राचा आकडा २५.४ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये स्पष्ट केले आहे की, लोकसंख्येचा विचार करता सिझेरियन दहा टक्क्यांच्या वर गेल्याने माता आणि नवजात बाळांचे मृत्यू आणखी घटताना दिसत नाहीत. पण सरासरी फसवी असते. एकीकडे गरज नसताना झालेले सिझेरियन आणि दुसरीकडे गरज असून न झालेले सिझेरियन यांची बेरीज करून ‘ठीक प्रमाण’ काढता येत नाही.

आकड्यावरून रुग्णालयाला दोषी ठरवण्याचीही घाई नको. धुळ्याचे हिरे वैद्यकीय महाविद्यालय किंवा जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे आसपासच्या तालुक्यांतून अवघड रुग्ण पाठवले जातात. तिथले प्रमाण जास्त असणारच. म्हणून पहिली प्रसूती, आधीचे सिझेरियन, पायाळू बाळ, जुळे असे दहा गट पाडून मोजणी करण्याची रॉबसन पद्धत आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही तिची शिफारस केली आहे. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक प्रसूतिगृहाने या पद्धतीने आपला हिशेब मांडला पाहिजे. निरोगी, पहिलटकरीण, डोके खाली, दिवस भरलेले आणि कळा आपणहून सुरू झालेल्या, या गटात किती सिझेरियन झाली, हे पाहिले की खरे चित्र समोर येते.

काही कारणे निर्विवाद आहेत. वार गर्भाशयाच्या तोंडावर असणे, बाळ आडवे असणे, आधीच्या सिझेरियनचा छेद गर्भाशयावर उभा घेतलेला असणे, अशा वेळी ठरवून केलेले सिझेरियन जीव वाचवते. पहिलेच बाळ पायाळू असेल तरही बहुतेक डॉक्टर तोच सल्ला देतात. तिथे ‘आमच्या आजीची दहा बाळंतपणे घरीच झाली’ हा युक्तिवाद कामाचा नाही. त्या पिढीत न वाचलेल्या बायका आणि बाळे अशा गोष्टी सांगायला उरलेली नाहीत.

प्रश्न आहे तो असे कोणतेही कारण नसलेल्या निरोगी स्त्रीचा. दोन्ही वाटांना आपापले धोके आहेत आणि ते तिला सांगितले पाहिजेत. नैसर्गिक प्रसूतीत कळा सोसाव्या लागतात, टाके पडू शकतात, पुढे लघवीवरचा ताबा कमी होणे किंवा अंग बाहेर येणे याची शक्यता सिझेरियनपेक्षा जास्त असते. कळा देऊनही शेवटी तातडीचे सिझेरियन करावे लागू शकते. नियोजित सिझेरियनमध्ये वेळ हाती असते. पण ती पोटाची मोठी शस्त्रक्रिया आहे. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होणे हे धोके तिच्याबरोबर येतात. रक्त कमी असलेल्या बाईला थोडा जास्त रक्तस्रावही महागात पडतो. बाळाचेही पाहिले पाहिजे. ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी, कळा नसताना बाळ काढले तर त्याला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते. मुहूर्त आठवडे मोजत नाही.

सर्वांत कमी बोलले जाते ते पुढच्या बाळंतपणाबद्दल. पहिल्या सिझेरियनचा व्रण गर्भाशयावर कायम राहतो. पुढच्या खेपेस वार त्या व्रणावर, खाली रुजली तर ती गर्भाशयाच्या भिंतीत घुसू शकते. वार खाली असलेल्या स्त्रियांच्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात असे आढळले की, आधी एक सिझेरियन झालेल्यांपैकी ११ टक्क्यांना आणि दोन झालेल्यांपैकी ४० टक्क्यांना हा प्रकार झाला. अशा वेळी रक्ताच्या कित्येक पिशव्या लागतात आणि अनेकदा गर्भाशयच काढावे लागते. म्हणून ‘सिझर की नॉर्मल’ या प्रश्नाआधी ‘तुम्हाला मुले किती हवीत’ हा प्रश्न यायला हवा. एकावर थांबणारी स्त्री आणि तीन मुले हवी असलेली स्त्री यांचे उत्तर एकच असू शकत नाही.

एकदा सिझर म्हणजे कायम सिझर, हेही खरे नाही. छेद आडवा असेल आणि दुसरी अडचण नसेल, तर पुढच्या वेळी प्रयत्न करणाऱ्या शंभरातल्या साठ ते ऐंशी जणींची प्रसूती नैसर्गिक होते. जुना व्रण उसवण्याचा धोका साधारण दोनशेत एक असतो; म्हणून हा प्रयत्न शस्त्रक्रियागृह आणि रक्ताची सोय असलेल्या ठिकाणीच करावा.

कारण नसताना सिझेरियन मागणाऱ्या मुलीला नावे ठेवणे सोपे आहे. तिची भीती मात्र खरी असते. शेजारच्या खाटेवरची किंकाळी, अंगावर ओरडणारे कोणीतरी, जवळ आपले माणूस नाही, वेदना कमी करायचा उपाय नाही, अशा खोलीत कोणाला जावेसे वाटेल? सरकारी प्रसूतिकक्षात सोबतीला एक स्त्री नातेवाईक असू द्यावी, असे केंद्र सरकारने २०१६ मध्येच सांगितले आहे. सतत सोबत मिळालेल्या स्त्रियांमध्ये नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण वाढते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. या सोबतीला पैसे लागत नाहीत. कळांमध्ये भूल देण्याची सोय बहुतेक सरकारी रुग्णालयांत नाही, ती जिल्हा पातळीवर तरी व्हायला हवी. कळा सुसह्य न करता ‘नॉर्मलच बरी’ असा उपदेश करण्याचा अधिकार आरोग्ययंत्रणेला नाही.

खर्चाचे कारणही सरकारी रुग्णालयात उरत नाही. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि ने-आण मोफत आहे. जोखमीच्या गर्भवतीला तारखेआधीच रुग्णालयाजवळ आणून ठेवले, तर पाड्यावरचा उशीर टळतो. त्यासाठी आठव्या महिन्यात आशाताईंबरोबर बसून कुठे जायचे, कसे जायचे, रक्त कोण देणार, हे ठरले पाहिजे.

त्याच महिन्यात डॉक्टरांनाही तीन प्रश्न विचारावेत. सिझेरियनचे कारण काय? थांबलो तर काय होईल? आणि याचा पुढच्या बाळंतपणावर काय परिणाम होईल? तिन्ही प्रश्न आईने, सासूने किंवा जावयाने नव्हे, त्या मुलीने स्वतः विचारावेत. उत्तर ऐकून निर्णयही तिनेच घ्यावा. बाकीच्यांनी तिच्या सोबत राहावे. आखाजी दर वर्षी येते. पोटावरचा छेद मात्र एकदा घेतला की जन्मभराचा असतो.