काळजीचाही बंदोबस्त हवा

कपाशीवर गुलाबी बोंडअळी दिसू लागली की शेतकरी तातडीने सल्ला घेतो. औषध कोणते, किती पाण्यात, केव्हा फवारावयाचे, हे तो बारकाईने विचारून घेतो. परंतु त्याच शेतकऱ्यास आठवडेच्या आठवडे धड झोप लागत नसेल, घरच्यांवर विनाकारण चिडचिड होत असेल, बाजारच्या दिवशीही घराबाहेर पडावेसे वाटत नसेल, तर ही गोष्ट तो कोणासही सांगत नाही. आणि शेतीचा सल्ला देणारी माणसेही ती त्यास क्वचितच विचारतात. फार झाले तर ‘मन घट्ट करा’ असे सांगून विषय संपविला जातो. हा सल्ला निरुपयोगी आहे, असे स्पष्ट म्हणावयास हवे. कोरडवाहू जमिनीस ओल धरावयास नुसते सांगून भागत नाही. त्यासाठी उतारास आडवी मशागत, शेणखत, आच्छादन ही कामे पाऊस येण्यापूर्वी व पडल्यावरही करावी लागतात. मनाच्या बाबतीतही कामेच करावी लागतात.

दुष्काळ, गारपीट, पडलेले बाजारभाव या आपत्तींवरील उपाय शासनाने, बँकांनी व बाजारव्यवस्थेने करावयाचे आहेत. त्यांचा भार शेतकऱ्याच्या मनोबलावर टाकणे न्यायाचे होणार नाही. तथापि माणूस पुष्कळदा खचतो तो रोजच्या लहान ताणांच्या साठ्याने, आणि त्यातील काही ताण घरच्या घरी हलके करता येतात.

दुबार पेरणीचे भय हे त्यांपैकी एक. मृगाच्या पहिल्या सरीनंतर शेजाऱ्याची तिफण चालू झाली की दुसऱ्याचा जीव घरी रमत नाही. घाईने पेरणी होते, पावसात खंड पडतो, आणि पुढील पंधरा दिवस तो आकाशाकडे पाहत काढतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून पेरू नये, ही शिफारस पिकासाठी म्हणून सांगितली जाते. पण ती मनासाठीही तितकीच हिताची आहे, कारण पेरावे की थांबावे याचा निर्णय ती शेजाऱ्याच्या तिफणीवर न सोडता पर्जन्यमापकावर सोपविते. घरच्या सोयाबीन बियाण्याचेही तसेच. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहांच्या ओळींत मांडावे, वर दुसरे ओले गोणपाट टाकून गुंडाळी सावलीत ठेवावी, ओल टिकवावी आणि सहा-सात दिवसांनी उगवलेले दाणे मोजावे. सत्तर वा अधिक उगवले तर शिफारशीप्रमाणे बियाणे वापरावे. कमी उगवले तर त्या मानाने प्रमाण वाढवावे, आणि साठाच्याही खाली आले तर ते बियाणे पेरूच नये. ज्या प्रश्नाचे उत्तर मोजून मिळते, तो प्रश्न रात्री उशाशी घेऊन निजण्याचे कारण नाही. पाऊस कोणाच्या हाती नाही, हे खरेच. पण जे हाती आहे त्याचीही चिंता पावसाच्या चिंतेत मिसळून जाते आणि दोहोंचे मिळून एकच मोठे ओझे होते.

कर्जाचेही असेच होते. पीककर्ज किती, नवे-जुने केव्हा करावयाचे, कृषी सेवा केंद्राची उधारी किती, हातउसने कोणाचे, हे सारे आकडे बहुधा एकट्या कर्त्या पुरुषाच्या डोक्यात असतात. पत्नीस काळजी नको म्हणून सांगितले नाही, असे त्याचे म्हणणे असते. वास्तविक निंदणी, वेचणी, गुरे हे सर्व तीच सांभाळीत असते, आणि काहीतरी बिनसले आहे हे तिने केव्हाच ओळखलेले असते. फक्त आकडा तिला ठाऊक नसतो. एका वहीत सारे देणे तारखांसह लिहून दोघांनी मिळून वाचावे. देणे त्याने कमी होत नाही. परंतु कोणते आधी फेडावयाचे, कोणत्या खर्चास यंदा हात आखडता घ्यावयाचा, हे ठरविता येते, आणि तारखेच्या आधी बँकेत जाऊन बोलण्याचे धैर्यही येते.

झोपेकडे तर कोणी लक्षच देत नाही. जेथे कृषिपंपास अद्याप रात्रीचीच वीज मिळते तेथे दारे धरण्यासाठी जागरण होते. त्यात रानडुकरांसाठी जागल. अशा माणसाने दिवसा दोन तास झोप घेतली तर त्यास आळशी म्हणण्याची खोड घरच्यांनी सोडावी. शेजारच्या चार-पाच शेतकऱ्यांनी जागलीच्या पाळ्या लावून घेतल्यास प्रत्येकास आठवड्यातील काही रात्री तरी सलग मिळतील. दारूने झोप येते हा समज मात्र फसवा आहे. ती लवकर येते व मध्यरात्रीनंतर मोडते.

पूर्वी इर्जिक व सावड होती, तेव्हा माणसे कामासाठी एकत्र येत आणि जेवताना सुखदुःखाच्या गोष्टी निघत. ट्रॅक्टरने ते काम दोन तासांत होते, ते चांगलेच झाले. पण त्या पंगतीची जागा रिकामीच राहिली. शेतीशाळेचा वर्ग संपल्यावर अर्धा तास नुसते बसून बोलण्यास कोणाची मनाई नसावी.

इतके करूनही दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक, कामातील गोडी ही गेलेलीच राहिली, किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर तो आजार समजून विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. अशा घरात कीटकनाशकाचा डबा ठेवू नये. औषध लागेल तेवढेच आणावे व उरलेले घराबाहेर कुलपात ठेवावे. श्रीलंकेत १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर निर्बंध आल्यानंतर दहा वर्षांत आत्महत्यांचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. विष हाताशी नसले की वाईट घटका टळून जाते, असा त्याचा अर्थ आहे.

केंद्र शासनाची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू असून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य व मराठीतूनही समुपदेशकाशी बोलता येते. ग्रामपंचायतीच्या ज्या फळ्यावर पावसाचे आकडे लिहिले जातात, त्याच फळ्यावर हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहून ठेवण्यास खर्च काहीच येणार नाही.