गूळ, जंत आणि मोल्सवर्थ

बारामती-इंदापूरकडे गुळाला तोटा नाही, आणि 'गूळ खाऊ नकोस, जंत होतील' या धाकालाही नाही. मी पडलो मराठीचा मास्तर. तेव्हा आमच्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना गाठले. त्यांनी गुळाला निर्दोष सोडून दिले. जंत गोडाने होत नाहीत. त्यांची अंडी मातीतून, न धुतलेल्या हातांवाटे नि भाजीवाटे पोटात जातात.

खरी गंमत पुढेच आहे. गोल जंताची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ती शौचावाटे मातीत पडतात. ओलसर, उबदार मातीत दोन-तीन आठवड्यांत आतली अळी तयार होते. असे अंडे पोटात गेले की अळी बाहेर पडते, आतडे भेदून यकृतातून फुफ्फुसात जाते, घशाशी येऊन पुन्हा गिळली जाते, आणि आतड्यात वाढून वीतभर लांबीचा जंत होते. तिथे प्राणवायूची टंचाई. म्हणून अळीपणीची श्वसनाची रीत सोडून जंत दुसरीच धरतो.

हे साधते कसे? अळी आणि जंत यांचा जनुकसंच तर एकच. डुकरातल्या जंताचा असा संच २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १८,५०० जनुके निघाली. मला आपला मोल्सवर्थचा कोश आठवला. लावणी लिहिणारा आणि अर्ज लिहिणारा, दोघांपुढे कोश तोच. उघडली जाणारी पाने निराळी. जंताच्या शरीरातही मुक्काम बदलला की काही जनुके बोलू लागतात, काही मुकी होतात.

वाचकहो, यात आपल्या कामाची गोष्ट आहे. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ साली सुरू झाला. त्यात शाळा-अंगणवाड्यांतून १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल देतात. ही गोळी आतड्यातला जंत मारते. मातीतल्या अंड्यापर्यंत तिचा हात पोचत नाही. आणि कालव्याच्या पाण्याने ओली राहणारी जमीन उसाला मानवते, तशी अंड्यालाही!

दिवाळी सरली की आमच्याकडे ऊसतोडीच्या कोप्या पडतात. तिथल्या मुलांची शाळा सुटलेली, आणि संडास पुष्कळदा नसतोच. जंत या मुलांच्या ताटातला घास पळवतो, वाढ खुंटवतो. जागेप्रमाणे तो आपले रूप बदलतो. आपणही उपाय जागेप्रमाणे करावा. पोटासाठी गोळी, हातासाठी साबण, आणि मातीसाठी संडास, तोही कोपीपाशी.