विमा खाटेला, गोळीला नाही

आरोग्य विमा आजारासाठी असतो, असा आपला समज आहे. प्रत्यक्षात तो खाटेसाठी असतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. नियम समजून घेऊन त्यांचे प्रोग्राम लिहिणे हे माझे रोजचे काम. आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसी त्या नजरेने वाचल्या, तर पहिलीच अट दिसते: रुग्ण दाखल झाला का? उत्तर ‘नाही’ असेल, तर औषध किती गरजेचे किंवा किती महाग, हा प्रश्नच पुढे येत नाही.

सरकारी योजनाही याला अपवाद नाहीत. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. औषधांचा खर्च मात्र दाखल होण्याआधीचे ३ दिवस, दाखल असतानाचे दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस एवढाच. सोळाव्या दिवसापासून खर्च आपल्या खिशातून. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही उपचारांची यादी आणि प्रत्येकाचा ठरलेला दर आहे. औषध त्या दरातच धरलेले.

आमच्या पिंपळीत नवे कार्ड आले की लोक ते माझ्याकडे दाखवायला आणतात. शेजारच्या चाचींनी एकच विचारले, “बेटा, यावर शुगरची गोळी मिळते का?” मिळत नाही. त्याच शुगरने मूत्रपिंड निकामी झाले, तर डायलिसिस मात्र योजनेत बसते. म्हणजे आजार वाढू द्यायचा आणि मग लाखांची हमी द्यायची!

छोटी छोटी बिले तपासणे महाग पडते, खोटी बिलेही येतात, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यावर उपाय आहे: बिलाचे पैसे देऊ नका, औषधच द्या. राज्य कामगार विम्यात महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला दाखल न होताही दवाखान्यातून औषध मिळते. राजस्थानने २०११ पासून सरकारी दवाखान्यांत मोफत औषध योजना चालवली. आपल्या राज्यातही ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. पण साठा संपला की रुग्णाच्या हाती बाहेरची चिठ्ठी येते, आणि त्या चिठ्ठीवर कार्ड चालत नाही.

कोणती औषधे द्यायची, याची यादी नव्याने करायलाही नको. केंद्राच्या २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत ३८४ औषधे आहेत. मेटफॉर्मिन, अॅम्लोडिपिन, इन्सुलिन सगळी त्यात आहेत. आज ही यादी मुख्यतः किमतीवर मर्यादा घालायला आणि सरकारी खरेदीला वापरली जाते. तिचे हक्कात रूपांतर करावे, ही माझी मागणी आहे. निदान मधुमेह, रक्तदाब, दमा आणि फिट्स यांची औषधे सरकारी दवाखान्यात नसतील, तर त्याच कार्डावर जनऔषधी केंद्रातून मिळावीत आणि पैसे योजनेने भरावेत.

नियम बदलता येतात. तोंडाने घ्यायच्या केमोथेरपीसारखे १२ आधुनिक उपचार कंपन्यांनी वगळू नयेत, हे विमा नियामकाने २०१९ मध्येच ठरवून दिले. मग मधुमेहाची साधी गोळीच का अडावी?

येत्या ग्रामसभेत दोन गोष्टी मागूया: आरोग्य केंद्राबाहेर औषधसाठ्याचा फलक आणि कार्डावर रोजच्या गोळ्या मिळाव्यात असा ठराव. रेशनचा साठा आपण विचारतोच, औषधाचाही विचारूया.